व्यायामानं थकवा जातो की वाढतो? फायब्रोमायल्जिया आणि क्रॉनिक फटीगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात, मानेवाड्यात, फिजिओथेरपीचं छोटं सेंटर चालवते. गुडघे, कंबर, जखडलेला खांदा हे रोजचं काम. पण कोविडनंतर एक वेगळी फाईल घेऊन येणारी माणसं वाढली. फाईल जाड, सगळे रिपोर्ट नॉर्मल, आणि माणूस मात्र खुर्चीवरून उठायला दोन्ही हात टेकवतो. त्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे लिहून ठेवले आहेत. औषधं मी देत नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम.

फायब्रोमायल्जिया आणि क्रॉनिक फटीग एकच का?

नाही. पण एका माणसात दोन्ही असू शकतात आणि बऱ्याचदा असतातच, म्हणून गोंधळ होतो.

फायब्रोमायल्जियात दुखणं पुढे असतं. तीन महिन्यांहून जास्त काळ, अंगाच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या वर आणि खाली, “अंग ठेचून काढल्यासारखं”. १९९० च्या निकषांत अंगावरचे १८ बिंदू दाबून बघायचे आणि त्यांतले ११ दुखले तर निदान करायचे. २०१० पासून बोटानं दाबण्याची अट गेली; आता कुठे कुठे दुखतं, झोप कशी लागते, डोकं किती चालतं, हे विचारून गुण मोजतात.

क्रॉनिक फटीग, ज्याचं आता जास्त वापरलं जाणारं नाव एमई/सीएफएस, त्यात दुखणं असेल किंवा नसेल. २०१५ साली अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं निकष सोपे केले. आधी जमत होतं त्यातलं बरंचसं काम सहा महिन्यांहून जास्त काळ सुटलेलं, झोपूनही न उतरणारा थकवा, श्रमानंतर तब्येतीची घसरण, आणि याच्या जोडीला डोक्यावरचं धुकं किंवा उभं राहिल्यावर होणारा त्रास. यातली श्रमानंतरची घसरण हीच खरी ओळख. पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं.

थकवा तर सगळ्यांनाच येते मॅडम. मग यात वेगळं काय?

वेळ वेगळी. तुम्ही-आम्ही सेमिनरी हिल्सचा चढ चढलो तर चढताना धाप लागते, घरी येऊन पडलो की उतरते. या आजारात चढताना फारसं काही होत नाही. त्रास साधारण १२ ते ४८ तासांनी येतो, आणि मग काही दिवस, कधी आठवडे मुक्काम ठोकतो. रविवारी लग्नात उभं राहून जेवलेला माणूस मंगळवारी ब्रश धरू शकत नाही. मधला सोमवार बरा गेलेला असतो, म्हणून लग्नाचा आणि मंगळवारचा संबंध कोणी जोडतच नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंनी याला “परवाचा दणका” म्हटलं. तेव्हापासून माझ्या रजिस्टरमध्येही तोच शब्द आहे.

सवय नसताना दांडिया खेळल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, ते निराळं. तिथे जो स्नायू वापरला तोच दुखतो. दणक्यात घसा दुखतो, शब्द सापडत नाहीत, उजेड सोसत नाही, झोप उडते, आणि न वापरलेले हातही जड होतात. शिवाय दणका यायला पायच चालवावे लागतात असं नाही. दोन तास बँकेच्या कागदांशी झटापट केली तरी येतो.

स्नायूला ताकद मिळते कुठून?

एटीपी नावाच्या रेणूतून. त्याला पीठ समजा. पीठ आपण वर्षाचं भरून ठेवत नाही, गहू भरतो आणि लागेल तसं दळतो. शरीरही तेच करतं. अंगात कोणत्याही क्षणी एटीपी असतं फार तर शंभर ग्रॅमच्या आसपास, पण दिवसभरात दळून वापरलं जातं जवळपास आपल्या वजनाइतकं.

जोरात धावत बस पकडली तर स्नायूतलं एटीपी दोन-तीन सेकंदांत संपेल. मग डब्यातलं पीठ निघतं, म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट. ते साधारण दहा सेकंद पुरतं. त्यापुढे दळण लावावंच लागतं आणि दळायच्या दोन रीती आहेत. एक जातं: ऑक्सिजनशिवाय, तातडीनं, पण एका ग्लुकोजमागे एटीपी मिळतात दोन. दुसरी चक्की, म्हणजे पेशीतले मायटोकाँड्रिया: सुरू व्हायला वेळ घेते, ऑक्सिजन मागते, पण त्याच ग्लुकोजमधून तिसाच्या आसपास काढते. निरोगी माणूस संथ चालताना जवळजवळ पूर्ण चक्कीवर असतो. जोर वाढला की एका टप्प्यावर जात्याचा वाटा वाढतो, लॅक्टेट (ज्याला लोक लॅक्टिक अ‍ॅसिड म्हणतात) साठू लागतं, धाप लागते. या टप्प्याला अ‍ॅनेरोबिक थ्रेशोल्ड म्हणतात. ज्याचा हा टप्पा खाली सरकलेला असतो त्याला जिना दूरच, अंघोळसुद्धा जात्यावर करावी लागते.

मग बिघाड नेमका कुठे आहे?

एकाच जागी बोट ठेवता येत नाही. पण “काहीच सापडत नाही” हे खरं नाही.

१९८४ मध्ये ऑक्सफर्डच्या गटानं विषाणूच्या आजारानंतर थकवा न गेलेल्या एका रुग्णाचा हात चुंबकीय यंत्रात ठेवून व्यायाम करवला. स्नायूच्या आतली आम्लता अपेक्षेपेक्षा फार लवकर आणि फार जास्त वाढली. जातं वेळेआधीच फिरू लागलं होतं. १९८६ मध्ये स्वीडनमध्ये फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांच्या मानेजवळच्या दुखऱ्या स्नायूचे तुकडे तपासले, त्यांत एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट दोन्ही कमी भरले. नंतरचे सगळे अभ्यास याच्याशी जुळले असं नाही, आणि रुग्णांचे गटही बहुतेक वेळा छोटे होते. हेही सांगायला हवं.

२०१६ मध्ये नॉर्वेतल्या बर्गेनच्या फ्लुगे आणि मेल्ला यांच्या गटानं रक्तातली अमिनो आम्लं मोजून असा अंदाज मांडला की एमई/सीएफएसमध्ये पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज या एन्झाइमपाशी अडथळा येतो. आपल्या भाषेत, चक्कीही आहे, गहूही आहे, पण गहू चक्कीच्या तोंडात नीट पडत नाही. बोस्टनच्या डेव्हिड सिस्ट्रॉम यांनी व्यायाम चालू असताना हृदयापर्यंत नळी घालून मोजमाप केलं. काही रुग्णांत पायाकडून हृदयात परत येणारं रक्तच कमी पडत होतं, तर काहींत रक्त स्नायूपर्यंत पोचूनही त्यातला ऑक्सिजन पुरेसा उचलला जात नव्हता. म्हणजे कोणाची चक्की मंद, तर कोणाकडे वीजपुरवठाच अपुरा.

मला स्वतःला सगळ्यात बोलका वाटतो तो २०२४ च्या जानेवारीत आलेला अ‍ॅमस्टरडॅमचा अभ्यास. लाँग कोविडचे, म्हणजे कोविडनंतर थकवा न गेलेले आणि असाच दणका बसणारे, २५ रुग्ण आणि २१ निरोगी माणसं घेतली, सगळ्यांना सायकल मारायला लावली, आणि मांडीच्या स्नायूचा तुकडा आधी एकदा व दुसऱ्या दिवशी एकदा काढला. रुग्णांचे मायटोकाँड्रिया मुळातच कमी क्षमतेचे होते. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्नायूत इजा झालेले तंतू जास्त दिसले. ज्यांना “नुसतं पडून राहून कमजोरी आली आहे” म्हणतात त्यांच्यासाठी हा दुसरा दिवस महत्त्वाचा आहे.

दुसऱ्या दिवसाचा आणखी एक पुरावा आहे. सायकलवर बसवून तोंडावर मास्क लावून ऑक्सिजन मोजण्याची चाचणी सलग दोन दिवस केली, तर बैठ्या सवयीच्या माणसाचेही आकडे दोन्ही दिवस साधारण सारखे येतात. एमई/सीएफएसच्या रुग्णात अ‍ॅनेरोबिक थ्रेशोल्डवरचे आकडे दुसऱ्या दिवशी खाली येतात. म्हणून एका दिवसाच्या ट्रेडमिलवर “उत्तम” शेरा मिळालेला माणूस आजारी असू शकतो. ही चाचणी करून घ्या असं मात्र मी म्हणत नाही. तिच्यानंही दणका बसतो.

लॅक्टिक अ‍ॅसिड साचलं म्हणून दुखतं का? मालिशनं निघेल का?

नाही. व्यायामानं वाढलेलं लॅक्टेट तासाभरात खाली येतं, आणि ते कचरा नसून इंधन आहे. हृदय ते आनंदानं वापरतं. मालिशनं बरं वाटत असेल तर जरूर करा, हलक्या हातानं. फायब्रोमायल्जियात जोरानं रगडलं तर दोन दिवस हातही लावू देणार नाही तुम्ही.

सगळे रिपोर्ट नॉर्मल येऊन राहिले, मग दुखते काहून?

आधी विचारते, सगळे म्हणजे कोणते? माझ्याकडे तीन-तीन एमआरआय झालेले, पण थायरॉईड कधीच न तपासलेले लोक आले आहेत. हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर, ईएसआर, सीआरपी, सीपीके, लिव्हर आणि किडनी एवढं झालेलं असावं. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं याची चौकशी व्हावी. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यानंही स्नायू दुखतात.

विदर्भात दोन गोष्टी जास्तीच्या. एक, सिकलसेल. आपल्या भागात तो इतका आहे की अंगदुखी आणि थकवा असलेल्या माणसाची ती तपासणी झालीच नसेल तर मी आधी तिकडे पाठवते. दोन, यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. त्यानं हाडं-सांधे कडक होतात, आणि तेही “अंग आखडलं” म्हणूनच सांगितलं जातं.

फायब्रोमायल्जिया आणि एमई/सीएफएसमध्ये सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) साधारणपणे नॉर्मल असतं. ते बरंच वाढलेलं असेल, किंवा श्रमानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर हे पान बंद करा आणि त्याच दिवशी मेडिकल, मेयो किंवा जवळचं जे हॉस्पिटल असेल तिथे जा. मॅकआर्डलसारखे स्नायूंचे जन्मजात आजार दुर्मिळ आहेत, पण आहेत. त्यात पहिली काही मिनिटं गोळे येतात आणि दहाएक मिनिटांनी अचानक चालणं सोपं होतं. असं होत असेल तर आवर्जून सांगा.

सलाईन लावलं की दोन दिवस बरं वाटते. महिन्याला एक लावून घेऊ का?

बरं वाटतं हे खोटं नाही. ज्यांना उभं राहिल्यावर धडधड आणि चक्कर येते त्यांच्या नसांत पाणी भरलं की हृदयाकडे रक्त नीट परततं, म्हणून काही तास तरतरी येते. पण “ताकदीचं सलाईन” म्हणून जी पाच टक्के डेक्स्ट्रोजची अर्धा लिटरची बाटली लावतात तिच्यात साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे चार-पाच चमचे. पिवळा रंग बी-कॉम्प्लेक्सचा. रक्तदाब वाढलेला नसेल तर तांब्याभर ताक, मीठ घालून, बऱ्याच अंशी तेच काम करतं आणि सुईही टोचत नाही.

घरी एक गोष्ट करून बघता येते. दहा मिनिटं आडवं पडा, नाडी मोजा. मग भिंतीला टेकून दहा मिनिटं शांत उभं राहा, शेजारी कोणीतरी हवंच, आणि दर मिनिटाला नाडी लिहा. मोठ्या माणसात ती ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून वरच राहिली तर तो कागद डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टर म्हणाले रोज अंबाझरीला फेरी मारा, सगळं जाईल. तुम्ही नाही म्हणता?

इथे माझीच गोष्ट सांगते. बारा-एक वर्षांपूर्वी एक तरुण बाई आली. डेंग्यूनंतरचा थकवा, नोकरी सुटायच्या बेतात, रिपोर्ट नॉर्मल. मला शिकवलं होतं तसं मी केलं. ट्रेडमिल, पहिल्या आठवड्यात आठ मिनिटं, दर आठवड्याला थोडी वाढ. पहिल्या दिवशी तिनं हसत हसत अकरा केली. मी शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशीही आली. मग आलीच नाही. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, “इच्छाशक्ती कमी, फॉलोअप नाही.” तीन आठवड्यांनी तिचा भाऊ उरलेले पैसे न्यायला आला. म्हणाला, ताई तांब्या उचलून पाणी पिऊ शकत नाही, स्ट्रॉनं पाजतो आम्ही. ते रजिस्टर मी अजून ठेवलं आहे.

चूक नियमाची होती: आज कसंही वाटलं तरी ठरलेली वाढ करायचीच. या पद्धतीला आधार म्हणून ब्रिटनमधला २०११ चा पेस नावाचा अभ्यास वर्षानुवर्षं दाखवला गेला, ६४१ रुग्णांचा. त्याच्या मोजमापावर पुढे जोरदार टीका झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या तिथल्याच नाइस या संस्थेनं एमई/सीएफएसमध्ये अशी ठरावीक वाढीची व्यायामयोजना देऊ नका, असं स्पष्ट लिहिलं. आपल्याकडे हे पोचायला वेळ लागतो आहे.

आता मी कोणालाही चालायला सांगण्याआधी एकच प्रश्न विचारते: मागच्या वेळी दमलात, त्याच्या परवा काय झालं?

म्हणजे फायब्रोमायल्जियातही व्यायाम नको?

हवा! हीच गल्लत उलट्या बाजूनं होते. परवाचा दणका नसलेल्या फायब्रोमायल्जियात व्यायामाइतका चांगला पुरावा दुसऱ्या कशालाच नाही. २०१६ मध्ये युरोपच्या ऱ्हुमॅटॉलॉजी संघटनेनं सगळे उपचार तपासले, तेव्हा ज्याची ठाम शिफारस केली तो व्यायाम एकटाच. औषधं त्याच्या मागे.

फक्त सुरुवात लाज वाटेल इतकी लहान हवी. वॉकर्स स्ट्रीटवर सकाळी सहाला झपाझप जाणाऱ्यांकडे बघू नका. पाच मिनिटं, सपाटीवर, बोलता येईल अशा चालीनं, दिवसाआड. दोन आठवडे दुखणं जागच्या जागी राहिलं तरच सात मिनिटं. खुर्चीवरून उठणं-बसणं पाच वेळा, पिवळा थेराबँड (ताणायचा रबरी पट्टा). कोमट पाण्यातला व्यायाम अनेकांना सोसतो. पहिले काही आठवडे दुखणं थोडं वाढतं, ते सांगून ठेवते म्हणजे घाबरून सोडत नाहीत.

दोन्ही आजार एकत्र असतील तर? तर दणक्याचा नियम वरचढ.

पेसिंग म्हणजे नेमकं काय करायचं? नुसतं पडून राहायचं का?

दणका बसणार नाही इतकंच करायचं, आणि बरं वाटतं त्या दिवशीही तितकंच. दुसरा भाग अवघड असतो. बरं वाटलं की बायका पडदे धुवायला काढतात.

दोन आठवडे वही ठेवा. काय केलं, किती वेळ, आणि परवा कसं होतं. मग कामं फोडा. भाजी बसून चिरा, मध्ये दहा मिनिटं आडवं व्हा, मग फोडणी. अंघोळ स्टुलावर बसून, केस धुणं वेगळ्या दिवशी. पोळ्या लाटायच्या दिवशी कपडे वाळत घालायचे नाहीत, कारण हात खांद्याच्या वर धरून करायचं काम फार महाग पडतं. धाप लागायच्या आत थांबायचं. थकल्यावर थांबणं म्हणजे उशीर.

नाडीचा एक ठोकताळा वापरता येतो. सकाळी अंथरुणात मोजलेली नाडी अधिक १५. ती ७२ असेल तर ८७ च्या वर फार वेळ राहू नका. सुरुवातीला कळतं की दात घासतानाच आपण ९५ वर आहोत. बीटा ब्लॉकर (नाडी मंद करणारी गोळी) चालू असेल तर हा हिशेब लागू पडत नाही.

नवतप्यात काय करायचं?

काहीही नवीन सुरू करायचं नाही. ४५ अंशांत कातडीच्या रक्तवाहिन्या पसरतात, रक्त खाली आणि बाहेर राहतं, उभं राहणं आणखी जड जातं. कूलरसमोर पाय वर करून बसा. पन्हं, ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. दवाखान्याची वेळ सकाळची घ्या. मेट्रोनं येत असाल तर सीताबर्डीला गाडी बदलताना लिफ्ट शोधा, तिथे धीट होऊन जिने चढू नका.

कोएन्झाइम क्यू-टेन, रायबोज, कार्निटिन घेऊ का?

या पूरक गोळ्या-पावडरींचा छोट्या अभ्यासांत थोडाफार फायदा दिसला आहे, पैसे मात्र भरपूर जातात. बी-१२, ड किंवा लोह रक्तात खरंच कमी असेल तर ते आधी भरून काढा.

घरचे म्हणतात सगळं मनाचं आहे.

२००२ मध्ये अमेरिकेत फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देत मेंदूचे फोटो काढले. निरोगी माणसाचा मेंदू ज्या जोराच्या दाबाला पेटतो, तसा यांचा बऱ्याच कमी दाबाला पेटला. २०२१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या गटानं रुग्णांच्या रक्तातल्या अँटिबॉडी उंदरांना टोचल्या, तर उंदीर स्पर्शाला हळवे झाले आणि त्यांची पकड ढिली पडली. उंदरांना सासुरवास नव्हता.

नैराश्य सोबत येऊ शकतं, त्याचा इलाज करून घ्यावा. डुलॉक्सेटिन किंवा कमी मात्रेतली अ‍ॅमिट्रिप्टिलिन लिहून दिली की लोक “वेड्याची गोळी” म्हणून फेकतात. ती दुखण्याचे संदेश मंद करण्यासाठीही देतात.

चिकुनगुनियानंतर असं होऊ शकतं का?

२०२४ च्या पावसाळ्यात नागपुरात मोठी साथ आली, त्यानंतरचे सांधे अजून माझ्याकडे येतात. त्यात सूज आणि सकाळचा ताठरपणा असतो, तो सांध्यांचा आजार आहे आणि त्याचे उपचार वेगळे. पण सूज गेली, थकवा राहिला, आणि दणका बसतो आहे, तर वर लिहिलेलं सगळं तुम्हालाही लागू.

हे पूर्ण बरं होतं का?

फायब्रोमायल्जियात स्नायू किंवा सांधे झिजत नाहीत, आणि बरेच जण कामधंदा सांभाळण्याइतके सुधारतात. एमई/सीएफएसमध्ये मोठ्या माणसांत अगदी पहिल्यासारखं होणं कमी दिसतं, सुधारणा दिसते. शाळेच्या वयातल्या मुलांचं चित्र जास्त चांगलं. “सहा महिन्यांत गॅरंटी” म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, मग तो कोणत्याही पॅथीचा असो.

पहिल्यांदा येताना काय आणू?

जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि दोन आठवड्यांची वही. सोबत घरचं एक माणूस आणा, शक्यतो तेच ज्याला हे सगळं नाटक वाटतं. पहिल्या दिवशी मी कोणताही व्यायाम करून घेत नाही, पाऊण तास नुसतं बोलणं असतं, आणि आडवं पडून बोललात तरी चालतं. सेंटर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे. लाईन गेली असेल तर खालच्या किराणा दुकानापाशी खुर्ची ठेवलेली असते, तिथे बसून फोन करा, मी खाली येते.